राजाचा अंगरखा

"काळीज दावाय आलोय मी साहेब. मुताचं काय काम त्यात?"

"काम काय ते मी ठरवीन. ही बाटली घे, मागच्या बाजूला जा आणि भरून आण."

"काळीज हितं हाय." मष्णूनं छातीवर थाप मारून जागा दाखवली. "तुमी नळी लावून आयकलंसा की. दमलंय म्हणालासा. आता आणि खाली कशापायी जायाचं?"

"वरचं दमलंय ते आपल्या आपण दमलंय की खालच्यानं दमवलंय, ते बघायचंय मला."

"आमच्या घराण्यात मुताचा आजार कुणालाच न्हाय साहेब."

"घराण्यातल्या किती जणांचं तपासलं होतं?"

मष्णूनं घराण्यातली माणसं मनातल्या मनात मोजली. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "बाहेर मालू बसलीया. हातात बाटली बघून काय म्हणंल ती?"

"नवरा दवाखान्यात आलाय म्हणेल. जा!"

डॉक्टर मार्तंड हुदलीकरांनी बावीस वर्षं पलटणीच्या इस्पितळात काढली होती आणि निवृत्तीनंतर बेळगावच्या कॅम्पात दवाखाना थाटला होता. त्यांच्या 'जा'पुढं गोरे सोल्जरसुद्धा उभे राहत नसत. मष्णू गेला. जाताना बाटली त्यानं धोतराच्या सोग्यात अशी लपवली, की बाकावर बसलेल्या चौघांनीही तिच्याकडं बघितलं.

त्याला खरा राग बाटलीचा नव्हता. काळजाचा आजार घेऊन आलेल्या माणसाला कशी वागणूक द्यावी, हे ह्या डॉक्टराला कळत नाही, ह्याचा होता. काळजाचा आजार काय कुणालाही होतो? तो राजेलोकांना होतो. आणि गेल्या महिन्याभरापासून मष्णू राजा होता.

त्याचं असं झालं होतं.

कंग्राळीत दर वर्षी होळीनंतरच्या जत्रेला नाटक व्हायचं. लिहायचे परशराम मास्तर, बसवायचे परशराम मास्तर, आणि पडद्याआडून प्रत्येकाची वाक्यं पुटपुटायचेही तेच. पण राजा कोणी व्हायचं हे मास्तरांच्या हातात नव्हतं. ते अंगरख्याच्या हातात होतं. बेळगावातली एक नाटक मंडळी मोडली, तेव्हा गावानं तिचा राजाचा अंगरखा विकत घेतला होता. डाळिंबी मखमल, छातीवर जरीचा मोर. तो ज्या कुणा नटासाठी शिवला होता तो माणूस होता की तट्ट्याची कणगी, हे कुणी सांगू शकत नव्हतं. तो उसवून लहान करायला शिंप्यानं हात जोडले. म्हणाला, मोराची मान तुटंल, पाप लागंल. तेव्हापासून कंग्राळीचा रिवाजच झाला. अंगरखा ज्याच्या अंगाला भरून बसेल तो राजा. आवाज, पाठांतर, अक्कल ह्या पुढच्या गोष्टी.

अकरा वर्षं तो गुंडूच्या अंगाला बसला. मग गुंडू निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला गेला आणि दोन वर्षांनी खोकत परत आला तो निम्मा होऊन. तरी जुना मान म्हणून मास्तरांनी त्याच्या पोटाला उशी बांधून पाहिली. ऐन क्रोधाच्या प्रवेशात उशी घसरून गुडघ्यावर आली. "आमच्या राज्यात अन्याय खपणार नाही," असं म्हणत राजानं ती दोन्ही हातांनी वर ओढली. त्या वर्षी सगळ्यात जास्त टाळी त्या उशीला पडली.

आणि मष्णू? मष्णू एकोणीस वर्षं चोपदार होता. अंगानं तूरकाठी. बेगड लावलेली काठी हातात धरून तो उभा राहिला की दोन काठ्या उभ्या आहेत असं वाटे. वाक्य एकच. "महाराजांची स्वारी येत आहे, अदब बाळगा!" बाकी नाटकभर अदब त्यालाच बाळगावी लागे. पण उभ्या उभ्या त्यानं एकोणीस राजांची भाषणं पाठ केली होती. मोटेवर बैल हाकताना तो ती म्हणायचा. बैल मुकाट ऐकायचे, आणि मालुबाई, त्याची बायको, भाजीची बुट्टी डोक्यावर घेत म्हणायची, "महाराज, वांग्याला पाणी सोडलंय न्हवं?"

त्या पावसाळ्यानंतर मष्णू अंग धरायला लागला. आधी डोळ्यांखाली, मग पायांत, मग पोटावर. दिवाळीपर्यंत गाल असे वर आले की जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडावरच्या सुरकुत्या दिसेनाशा झाल्या. गावानं त्याचं कौतुक केलं. "मष्णूअण्णा, मानवलं बघ तुला!" "मालुआक्का, काय घालतीस गं दादल्याला?" मालुबाई लाजायची आणि भाकरीवर आणखी एक गोळा लोण्याचा घालायची. धाप लागते, रात्री आडवं झालं की गुदमरतं, पोत्याला टेकून बसावं लागतं, हे मष्णू कुणाला सांगत नव्हता. अंग वाढलं की माणूस धापा टाकायचाच. सावकार टाकतात, पाटील टाकतात, आता तोही टाकतो.

संक्रांतीच्या सुमाराला मास्तरांनी अंगरखा आणून त्याच्या अंगावर चढवला. सगळी बटणं लागली. मोर छातीवर ताणून बसला. देवळाच्या मंडपात बसलेली माणसं माना उंचावून बघायला लागली. गुंडू खाली बघत होता.

"मष्णूअण्णा," मास्तर म्हणाले, "राजा वीरकेतू तू."

आणि आता हा राजा दवाखान्याच्या मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाआड, बाटली हातात धरून उभा होता. इथंही तो स्वतःहून आला नव्हता. तालमीत दुसऱ्या अंकातलं मोठं भाषण चौथ्या ओळीला तुटायचं, दम पुरायचा नाही, म्हणून मास्तरांनीच मालुबाईला सांगून त्याला इकडं धाडलं होतं.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत ते ओतलं आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मष्णू तोंड फिरवून बसला होता.

"इकडं बघ."

नळीत वरच्या अंगाला, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, दाट थर धरला होता.

"हे तुझ्या रक्तातलं सत्त्व. अंगात राहायचं ते मुतावाटे बाहेर चाललंय. आणि बाहेर जायचं ते पाणी आत राहतंय." डॉक्टरांनी अंगठ्यानं त्याची नडगी दाबली. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. "हे मांस नव्हे. हे पाणी. मोट चालवतोस ना?"

"व्हय."

"मग ऐक. काळीज म्हणजे मोटेचा बैल. तुझा थकलाय. नुसता थकला असता तर मला काळजी नव्हती. त्याला चुचकारायचं औषध आहे माझ्याकडं. असले रोगी मी दहा-दहा वर्षं चालवलेत. पण तुझी मूत्रपिंडं, म्हणजे शेताच्या कडेचा चर, तो बुजलाय. पाण्याचा निचरा नाही. शेत तुंबलंय, चिखलात बैलाचे पाय रुततायत, म्हणून तो आणखी थकतो. तो थकला की चरात आणखी गाळ. एकाचं दुखणं दुसऱ्याला सोडत नाही. दोन्ही एका माणसात आली की मी सुद्धा फार बढाई मारत नाही."

मष्णूला एवढं मात्र नीट कळलं. तुंबलेलं शेत त्यानं बघितलं होतं.

"मग बैलाला औषध द्या की."

"देतो. डिजिटॅलिसचे थेंब. दुसऱ्याला पंधरा देतो, तुला पाच. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. सहावा नाही."

"मला पाचच का?"

"औषधही त्याच चरानं बाहेर जातं म्हणून! चर बुजलेला, त्यामुळं आजचे थेंब उद्याच्या थेंबांखाली साचत राहतात. साचले की तेच विष. अन्न नकोसं झालं, ओकारी आली, पांढरं पिवळं दिसायला लागलं, तर थेंब बंद करायचे आणि त्याच दिवशी इकडं यायचं. दुसरं, मीठ बंद. लोणचं, पापड, सुकी मासळी, सगळं बंद. तिसरं, पडून राहायचं. दर आठवड्याला येऊन दाखवायचं."

"मीठ सोडल्यावर काय हुईल?"

"पाणी उतरेल. तीन-चार आठवड्यांत अंग पूर्वीसारखं होईल."

"पूर्वीसारखं?" मष्णूचा आवाज चिरकला. "म्हणजे बारीक?"

"बारीक, पण जिवंत."

जत्रा पाच आठवड्यांवर होती. मष्णूनं अंगावरचा सदरा दोन्ही हातांनी सारखा केला, जणू डॉक्टर तो आत्ताच काढून घेणार होते.

बाहेर बाकावरून मालुबाई उठली. "एवढा येळ काय बोलत हुता वं डाक्टर?"

"काळजाचं बोलत हुता."

"मग?"

"मग काय? थेंब दिल्यात. बैलाला पेंड देत्यात तसं."

"आणि ते खायाचं-प्यायाचं पथ्य?"

"काळजाला कसलं गं पथ्य? काळीज काय प्वाट हाय?"

"बाटली कसली न्हेत हुतासा मघा?"

"औषधाची रिकामी बाटली हुती ती. चल, गाडी जाईल."

एकोणीस वर्षं एक वाक्य म्हणणारा माणूस त्या दिवशी चार वाक्यं सलग खोटी बोलला आणि एकाही ठिकाणी अडखळला नाही. अंगरखा अंगात मुरायला लागला होता.

घरी पोचेपर्यंत त्यानं आपली व्यवस्था लावली. मीठ सोडलं तर अंग जातं. मग ते जत्रेनंतर. पडून राहिलं तर तालीम बुडते. तेही जत्रेनंतर, आणि दर आठवड्याला दाखवायला जाणंही जत्रेनंतर. राहिले थेंब. थेंबांनी दम येतो, आणि भाषणाला दम लागतो. तेव्हा थेंब घ्यायचे. फक्त ते 'पाच' त्याच्या मनात सलत होतं. दुसऱ्याला पंधरा, मला पाच. चराचं कारण सांगितलं खरं, पण चराचं कारण काय, कुणीही सांगेल. कॅम्पातल्या लोकांना पंधरा देत असणार, वकिलांना, साहेबांना. खेड्यातून आलेला, फाटक्या पागोट्याचा म्हटल्यावर पाचावर बोळवण! बाजारात माप मारतात ते काय त्याला ठाऊक नव्हतं? दुसऱ्या दिवसापासून राजा वीरकेतू सकाळी पंधरा थेंब घ्यायला लागला, आणि संध्याकाळी पंधरा.

आणि गंमत अशी, की पहिल्या आठवड्यात त्याला बरं वाटलं. भाषण सातव्या ओळीपर्यंत गेलं. मास्तरांनी टाळी वाजवली. "औषध लागू पडलं रं मष्णूअण्णा!"

"काळजाचं औषध हाय मास्तर," मष्णू बेतानं म्हणाला. "भारी असतंय ते."

गावात त्याच्या काळजाचा बोलबाला झाला. चावडीवर त्याला आता घोंगडं टाकून बसवत. कॅम्पातल्या डॉक्टरनं नळी लावली, काळीज मोठं झालंय म्हणाला, ही बातमी तर नागोजी पाटलाच्या वाड्यापर्यंत गेली. पाटलानं स्वतः विचारलं, "काळीज मोठं झालंय म्हणं तुझं?"

"व्हय पाटील. मोठं झालंय."

मूत्रपिंडांबद्दल कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. चोपदाराला बाहेरच उभं करायचं असतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तिसऱ्या आठवड्यात भाकरी नकोशी झाली. आंब्याचं खारं लोणचं तेवढं चालायचं. मालुबाई वाढायची, तो दोन घास खायचा आणि गोठ्यामागं जाऊन ओकून यायचा. पायांतले तोडे, राजाचे, लाकडी, वर्ख लावलेले, संध्याकाळी काढले की घोट्याभोवती बोटभर खोल चर पडलेला दिसे. तो त्यावर धोतर ओढून घ्यायचा.

एका सकाळी तो मालुबाईवर खेकसला. "धोतराला हळद कुणी लावली?"

"कुठं हाय हळद?"

"हे काय! सगळं पिवळंधम्मक करून ठेवलंईस. धुताना बघत न्हाईस?"

मालुबाईनं धोतर हातात घेतलं. ओढ्याच्या दगडावर आपटून आपटून पांढरं केलेलं, बगळ्यासारखं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो दुधाच्या तांब्यात डोकावत होता.

"आणि ह्यात बी हळद घातलीया? मला काय सर्दी झालीया?"

त्या दिवशी भाजीची बुट्टी घेऊन ती नेहमीसारखी कॅम्पात गेली. मेमसाहेबांच्या बंगल्यांवर वांगी, पोकळा आणि मुळे घालून झाले. मग रिकामी बुट्टी दवाखान्याच्या पायरीवर ठेवून ती आत शिरली.

दुपारी देवळाच्या मंडपात रंगीत तालीम होती. मष्णूनं अंगरखा चढवला. बटणं आता लागताना कुरकुरत होती. मुकुट घातला. आणि त्यानं मंडपाकडं बघितलं.

काय दिसत होतं म्हणून सांगू! पांढऱ्या लुगड्यांचा पडदा सोन्याचा झाला होता. चुना लावलेले खांब सोन्याचे. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांची पागोटी सोन्याची, बेगडीची काठी तर अशी झळाळत होती की चोपदार झालेला गुंडू त्या उजेडात गुंडू वाटतच नव्हता. मष्णूला भरून आलं. राजाला दरबार असाच दिसत असणार. एकोणीस वर्षं खाली उभं राहून दिसलं नाही ते हे.

"महाराजांची स्वारी येत आहे, अदब बाळगा!" गुंडू खोकत ओरडला.

मष्णू पुढं आला. "प्रधानजी, आमच्या ह्या सुवर्णनगरीत..."

"अवो!"

मालुबाई बुट्टीसकट मंडपाच्या मधोमध उभी होती. धापा टाकत होती. कॅम्पापासून ती चालत नव्हे, पळत आली असावी.

परशराम मास्तर पडद्याआडून बाहेर आले. "मालुआक्का, तालीम चाललीया."

"चालू दे. माझं बी हाय एक वाक्य." तिनं पदराची गाठ सोडली आणि तळहात नवऱ्यापुढं धरला. तळहातावर कुटलेली चिमूटभर भुकटी होती. "हे काय हाय?"

"हळद," मष्णू म्हणाला. "तालमीत हळद कशाला आणलीस?"

मंडपात कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं.

"पुन्ना बघा."

"हळदच की. पिवळी. काय आंधळा हाय मी?"

"चाखा."

त्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ होतं.

त्यानं पडद्याकडं बघितलं, खांबांकडं, पागोट्यांकडं. कुणालाच काही सोनेरी दिसत नव्हतं, हे त्यांच्या तोंडांवरून कळत होतं.

"डाक्टरांनी सांगितलंय मला," मालुबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "बैल सांगितला, चर सांगितला. तुमी मला नुसता बैलच सांगितलासा. किती थेंब घेतासा?"

"...पंधरा."

"पाच सांगितलं हुतं न्हवं?"

"कॅम्पातल्यांना पंधरा देत्यात, मालू."

"त्यांचा चर वाहतोय म्हणून देत्यात! तुमचा बुजलाय म्हणून पाच दिलं. तुमाला वाटलं डाक्टरनं माप मारलं?" ती खाली बसली, अंगरख्याचा घेर बाजूला सारला आणि त्याची नडगी अंगठ्यानं दाबली. सगळ्यांनी माना पुढं करून बघितलं. खळगा भरला नाही. "बघा रं, बघा. दिवाळीपासनं कौतुक करत हुतासा न्हवं, मानवलं म्हणून? मी बी करत हुते. लोणी घालत हुते, लोणचं वाढत हुते. हे पाणी हाय, पाणी!"

परशराम मास्तरांना घाम फुटला होता. "मालुआक्का, तुझं खरं हाय. पण चार दिवसांवर जत्रा आलीया. चार दिवस..."

"आज आणलं तर बघतो म्हणालं डाक्टर. उद्याचं बोलत न्हाय म्हणालं."

"मोठा डाक्टर असाच बोलत असतोय गं."

"मास्तर, त्या माणसाला बढाई मारता येत न्हाय. मी इचारलं, वाचतील का? तर म्हणालं, नुसतं काळीज असतं तर व्हय म्हणालो असतो." तिनं आता कुठं डोळे पुसले, तेही मीठ लागलेल्या हातानं, आणि चुरचुरलं म्हणून आणखी पुसले. "गाडी उभी केलीया वेशीवर. येतासा का न्हाय?"

मष्णूनं गुंडूकडं बघितलं. गुंडू काठीला टेकून उभा होता, हाडं मोजून घ्यावीत असा, आणि अंगरख्याकडं न बघायचा प्रयत्न करत होता. मष्णूला एकाएकी कळलं, की ह्या गावात हा अंगरखा कधीच कुणाला विचारत नाही की तू कशानं भरलायस.

"मष्णूअण्णा, अरे राजाचं काय करू मी?" मास्तर म्हणाले. "दुसरा कुणी बसत न्हाय ह्यात!"

मष्णूनं मंडपावरून एकदा नजर फिरवली. अजून सगळं सोन्याचंच होतं. तो पायरी उतरला, एक हात मालुबाईच्या खांद्यावर ठेवला, आणि थांबत थांबत, तोडे वाजवत वेशीकडं निघाला.

"जातोयस तर जा बाबा," मागून मास्तर कळवळून ओरडले, "पण अंगरखा तरी काढून ठेव की रं!"

राजा वीरकेतू अंगरख्यासकट गाडीत चढला.